सातासमुद्रापार पोटाचा क्षय

लोणंद म्हटले की लोकांना कांद्याचा बाजार आठवतो आणि आषाढीच्या वाटेवरचा माउलींच्या पालखीचा मुक्काम. अलीकडे आणखी एक गोष्ट सांगता येते. खंडाळा, फलटण, वाई या तालुक्यांतल्या कितीतरी घरांतले कुणी ना कुणी आज इंग्लंड, अमेरिका, जर्मनीत नोकरीला किंवा शिकायला आहे. त्यामुळे माझ्यासारख्या गावच्या डॉक्टरच्या टेबलावरही परदेशी कागद येऊ लागले. आईवडील मोबाइल पुढे धरतात आणि म्हणतात, "डॉक्टर, तिकडं काही कळेना झालंय, तुम्ही बघा जरा."

बहुतेक कागद साध्या दुखण्यांचे असतात. पित्त, मूळव्याध, थायरॉइड, मानेचे दुखणे. पण एका तऱ्हेचा कागद मी दोनदा वाचतो. वय वीस ते चाळीस, महिनोन्‌महिने पोटात कळा, जेवल्यावर पोट गुडगुडते आणि फुगते, कधी जुलाब तर कधी शौचालाच होत नाही, तिन्हीसांजेला कणकण, आणि आठ-दहा किलो वजन उतरलेले. असा कागद पाहिला की मी एकच प्रश्न विचारतो, "घरात कुणाला टीबी झाला होता का?" वडील आईकडे बघतात. मग ठरलेले उत्तर येते, "छे छे, आमच्यात तसलं काही नाही." आणि पुष्कळदा दारात चपला घालताना आई हळूच सांगते, "चुलत सासऱ्यांना झाला होता, पण त्याला लई वर्षं झाली."

आपली माणसे परदेशात आजारी पडली आणि पोटाच्या क्षयाचे निदान लांबले, की आपण म्हणतो तिकडच्या डॉक्टरांना काही येत नाही. हे मला मान्य नाही. त्यांना उशीर होतो हे खरे. पण ज्या माहितीवरून त्यांना लवकर सुचले असते, ती निम्मी माहिती आपण इथे पेटीत कुलूप घालून ठेवलेली असते.

आधी रोगाविषयी थोडे सांगतो. क्षय म्हणजे छातीचा आजार, खोकला आणि रक्त पडणे, हे चित्र आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. आपल्या जिल्ह्यात ते बसायला कारणही आहे. पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर सॅनेटोरियम सुरू केले. सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीलाही क्षयाचे रुग्ण वर्षानुवर्षे जात. जुनी माणसे "पाचगणीला ठेवलं होतं" एवढेच म्हणत आणि ऐकणाऱ्याला सगळे समजत असे. ते खोकणारे रुग्ण होते, त्यामुळे पोट दुखते म्हणून क्षयाची शंका कुणाला येत नसे. पण क्षयाचे जंतू आतड्यात, आतड्याभोवतीच्या गाठींत आणि पोटाच्या आतल्या पातळ आवरणात घर करू शकतात. लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तो सांधा, म्हणजे उजव्या बाजूला बेंबीच्या खाली, ही त्यांची आवडती जागा. शरीरात शिरलेले जंतू दहा-वीस वर्षे झोपून राहतात आणि अंगातली ताकद कमी झाली की जागे होतात. मुलगा विमानात बसला तेव्हा ठणठणीत होता, हे त्यामुळे खरेच असते. जंतू त्याच्याबरोबर गेले, हेही खरे असू शकते.

व्हिसाच्या वेळी छातीचा फोटो काढला होता ना, असे पालक विचारतात. इंग्लंडला सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला जाणाऱ्या भारतीयांना २०१२ पासून ही तपासणी करावी लागते, आणि ती योग्यच आहे. पण तो फोटो छातीचा. पोटाचा क्षय असलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांचा छातीचा फोटो स्वच्छ असतो. व्हिसा मिळाला याचा अर्थ पोटाची खात्री झाली असा होत नाही. तिकडच्या काही डॉक्टरांचाही इथे गोंधळ होतो. फोटो स्वच्छ दिसला की क्षयाचा विचार यादीतून खाली जातो.

तिकडे हा विचार मुळातच यादीच्या तळाशी का असतो, ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये भारतात दर लाख लोकांमागे सुमारे १९५ जणांना नव्याने क्षय झाला. अमेरिकेत हा आकडा ३ च्या आसपास आहे. जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी एक आपल्या देशात आहे. त्यातही पोटाचा क्षय म्हणजे एकूण क्षयाचा लहानसा हिस्सा. तेव्हा ओहायो किंवा यॉर्कशायरमधल्या एखाद्या डॉक्टरने उभ्या नोकरीत असा एकही रुग्ण पाहिला नसेल, तर नवल नाही. डॉक्टर डोळ्यांनी पाहतो, पण आधी पाहिलेले असते तेच त्याला पटकन ओळखू येते. मला तरी बर्फाने बोटे मेलेला माणूस कुठे ओळखता येईल?

हे त्यांचे अज्ञान फार जुने नाही. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये मुलांच्या पोटाचा क्षय घरोघरी माहीत होता. गाईंना क्षय असे, दूध कच्चे प्यायले जाई आणि जंतू थेट आतड्यात जात. पुढे दूध तापवून निर्जंतुक करणे सक्तीसारखे झाले, रोगट गाई काढून टाकल्या आणि तो आजार तिथून जवळजवळ गेला. आपल्याकडे प्रत्येक घरात दूध उतू जाईपर्यंत तापवतात, या एका सवयीचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि १८८७ मध्ये पुण्यात वयाच्या एकविसाव्या वर्षी क्षयाने गेल्या. त्या काळी अमेरिकेतही क्षय हा मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी होता. तेव्हाच्या तिथल्या डॉक्टरला क्षय शिकवावा लागत नव्हता. रोग गेला आणि त्याची ओळखही गेली.

त्या रिकाम्या जागी दुसरा आजार आला, आणि खरी गफलत इथेच होते. ग्लासगोचे शल्यचिकित्सक डॉ. डॅलझील यांनी १९१३ मध्ये असे काही रुग्ण नोंदवले, ज्यांचे आतडे क्षयासारखेच सुजलेले होते, पण त्यात क्षयाचे जंतू नव्हते. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला क्रोन्स डिसीज म्हणतात. जागा तीच, लहान-मोठ्या आतड्याचा सांधा. वय तेच, तक्रारी त्याच. दुर्बिणीतून पाहिले तर दोन्हींत व्रण. आतड्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर दोन्हींत बारीक गाठी. फरक असतात, पण बारीक. क्षयाचे व्रण सहसा आतड्याला आडवे असतात, क्रोन्सचे लांबीच्या दिशेने उभे. क्षयातल्या गाठीच्या मधोमध चक्क्यासारखा मृत भाग असतो, क्रोन्समध्ये तो नसतो. मात्र हा चक्का प्रत्येक तुकड्यात सापडत नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉ. टंडन आणि डॉ. प्रकाश यांनी १९७२ मध्ये याच फरकावर लेख लिहिला, तो इंग्लंडच्या मासिकात छापून आला. मुंबईच्या डॉ. एस. के. भन्साळी यांनी १९७७ मध्ये पोटाच्या क्षयाच्या ३०० रुग्णांचा अनुभव अमेरिकेच्या मासिकात मांडला. म्हणजे आपल्या लोकांनी सांगायचे ते सांगितलेले आहे. पण रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरसमोर रुग्ण उभा असतो, तेव्हा पन्नास वर्षांपूर्वीचे मासिक त्याच्या हातात नसते.

दोन आजारांची गल्लत झाली तर काय बिघडले? बिघडते ते औषधात. क्रोन्सवर स्टिरॉइड देतात. स्टिरॉइडने शरीराची प्रतिकारशक्ती दबते. क्षयाच्या रुग्णाला नुसते स्टिरॉइड दिले, तर पहिले काही दिवस ताप उतरतो, भूक लागते, घरी फोन येतो की बरे वाटतेय. आणि आत जंतूंना रान मोकळे मिळते. त्यापुढची इन्फ्लिक्सिमॅबसारखी महागडी इंजेक्शने तर झोपलेला क्षय जागा करतात, हे २००१ मध्येच जगाच्या लक्षात आले आहे. उलट क्रोन्सच्या रुग्णाला क्षयाच्या गोळ्या दिल्या तर तेवढा अनर्थ होत नाही. वेळ जातो, यकृताला त्रास होऊ शकतो, पण रोग वणव्यासारखा पसरत नाही. म्हणून भारतीय माणसाच्या बाबतीत, स्टिरॉइडची पहिली गोळी देण्याआधी क्षय नाही याची शक्य तेवढी खात्री करायची, हा क्रम सोडता कामा नये.

आमच्याच भागातल्या एका घरात काय घडले ते सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. मुलगा इंग्लंडमध्ये नोकरीला होता. वर्षभर पोटदुखी, आधी गॅसच्या गोळ्या, मग मनाचा ताण म्हणून समजूत, मग दुर्बीण तपासणी. तुकड्यात गाठी दिसल्या, क्रोन्स ठरला. तिथल्या डॉक्टरने विचारले होते, कुटुंबात क्षय होता का? मुलगा म्हणाला, नाही. स्टिरॉइड सुरू झाले. तीन आठवडे छान गेले. मग ताप परतला, पोटात पाणी झाले आणि एका रात्री आतडे अडकले. तातडीची शस्त्रक्रिया करून आतड्याचा वीतभर भाग काढावा लागला. त्या भागात क्षय सापडला. मुलगा वाचला, सहा महिने औषध घेतले, आज कामावर आहे. त्याचे आजोबा त्याच्या लहानपणी त्याच खोलीत झोपत आणि त्यांना छातीचा क्षय होता, हे आईला पक्के माहीत होते. ती मला म्हणाली, "मीच फोनवर सांगितलं त्याला, आजोबांचं काढू नको म्हणून."

तिला दोष देणे सोपे आहे. घरात लग्नाच्या दोन मुली. सोयरिकीच्या वेळी "त्यांच्यात टीबी आहे" एवढे एक वाक्य गावभर फिरले की पुढच्या बैठका मोडतात, हे तिने डोळ्यांनी पाहिलेले. व्हिसा जाईल, नोकरी जाईल, ही दुसरी भीती. म्हणून मी तिला काही बोललो नाही. पण तुम्हाला बोलतो. पोटाच्या क्षयाचा रुग्ण, त्याच्या छातीत क्षय नसेल तर, दुसऱ्याला सहसा रोग देत नाही. इंग्लंडमध्ये क्षयाचे निदान आणि उपचार परदेशी माणसालाही मोफत आहेत. तिथे क्षयाच्या दर चार रुग्णांपैकी तीन किंवा त्याहून अधिक रुग्ण देशाबाहेर जन्मलेलेच असतात, आणि त्यांत भारतात जन्मलेले पुष्कळ. तिथल्या क्षयाच्या डॉक्टरला आपल्या आजोबांविषयी ऐकून धक्का बसणार नाही. त्याला हायसेच वाटेल.

दुसऱ्या बाजूचेही सांगितले पाहिजे, नाहीतर लेख एकांगी होईल. काही मित्र मला म्हणतात, भारतीय दिसला की टीबी, असा शिक्का तुम्ही आपल्या मुलांवर मारून घेता. या आक्षेपात तथ्य आहे. क्रोन्स आता आपल्याकडेही वाढतो आहे, आणि प्रत्येक भारतीय पोट क्षयाचे नसते. आपल्याच गावांत हा अतिरेक चालतो. पोट दुखते, वजन उतरले, चला टीबीच्या गोळ्या सुरू करा, तपासणी काही नाही. सुट्टीवर आलेला मुलगा तीन आठवडे त्या गोळ्या खातो, बरे वाटले की बंद करतो आणि विमानात बसतो. आता तिकडच्या डॉक्टरने कितीही कसून तपासले, तरी अर्धवट मारलेले जंतू तुकड्यात वाढत नाहीत. वर औषधाला न जुमानणारा क्षय तयार व्हायचा धोका वेगळाच. आधी तुकडा, मग गोळी, हा क्रम लोणंदलाही लागू आहे आणि लंडनलाही.

त्या तुकड्याबद्दल एक बारीक गोष्ट आहे. ती बारीक असूनही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दुर्बिणीतून काढलेले तुकडे सवयीने सगळेच्या सगळे फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला ते ठीक. पण फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, मग त्यांची वाढ करून पाहता येत नाही. जिथे क्षयाची शंकाच कुणाला नसते, तिथे सलाइनच्या पाण्यात वेगळे तुकडे ठेवायचे कुणाला सुचणार? तपासणी होऊन गेल्यावर सुचले तर पुन्हा सगळी यातायात. म्हणून रुग्णाने दुर्बिणीच्या आधीच म्हणावे, "मी भारतातून आलो आहे, क्षयासाठी वेगळा नमुना पाठवाल का?" एवढे वाक्य बोलायला कुणाची परवानगी लागत नाही.

नमुना पाठवला तरी उत्तर लगेच मिळेल असे नाही. आतड्याच्या क्षयात जंतू थोडे असतात. वाढवून पाहायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. सीबीनॅट नावाची तपासणी, जी आपल्याकडे सरकारी केंद्रात मोफत होते, दोन तासांत उत्तर देते. ती होकारार्थी आली तर विश्वास ठेवावा. नकारार्थी आली म्हणून क्षय नाही असे मात्र म्हणता येत नाही. रक्तातून क्षय सांगणाऱ्या प्रतिद्रव्यांच्या तपासण्यांवर आपल्या सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली, तसले जुने कागद मुलाला पाठवू नका. हातावरची टोचणी किंवा परदेशात करतात ती रक्ताची नवी चाचणी फक्त एवढेच सांगते की जंतू कधीतरी शरीरात शिरले होते. आपल्यापैकी कितीतरी धडधाकट माणसांत ती होकारार्थी येईल.

पोटात पाणी झाले असेल, ज्याला आपण जलोदर म्हणतो, तर काम थोडे सोपे होते. सुईने पाणी काढून त्यातले एडीए नावाचे द्रव्य मोजतात. ही स्वस्त तपासणी आहे आणि क्षयात ते द्रव्य वाढलेले असते. शंका राहिली तर पोटाला छोटे छिद्र पाडून दुर्बिणीने आतले आवरण पाहतात आणि तिथला तुकडा घेतात. स्त्रियांच्या बाबतीत इथे आणखी एक फसगत होते. पोटात पाणी, वजन कमी, आणि रक्तातली सीए-१२५ ही तपासणी वाढलेली दिसली की अंडाशयाचा कॅन्सर असावा असे वाटते. पण पोटाच्या क्षयातही ती वाढते. कॅन्सर समजून पोट उघडले आणि आत क्षय निघाला, असे प्रसंग जगभरच्या वैद्यकीय मासिकांत नोंदवलेले आहेत. एखाद्या तरुण बाईचे अंडाशय आणि गर्भाशय काढण्याआधी एक तुकडा तपासणे किती मोलाचे, ते वेगळे सांगायला नको.

आणि इतके करूनही कधी कधी निश्चित होत नाहीच. मग जाणते डॉक्टर क्षयाचे पूर्ण औषध सुरू करतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का ते पाहतात. हे अंधारात मारलेले तीर नव्हे. त्यात सुरुवातीची तपासणी झालेली असते आणि पुढची तारीख ठरलेली असते. नुसते "बरं वाटतंय" यावर विसंबायचे नसते, कारण क्रोन्सच्या रुग्णालाही काही दिवस बरे वाटते. क्षय ठरला तर साधारण सहा महिने औषध, पहिले दोन महिने चार औषधे. त्यातल्या एकाने लघवी नारिंगी होते, घाबरू नये. त्याच औषधाने गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, हे मात्र तरुण जोडप्यांना कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिले.

जाता जाता एक कुतूहलाची गोष्ट. पश्चिम लंडनमधल्या गुजराती लोकांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात क्षय झालेल्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी असल्याचे प्रमाण जास्त दिसले. आपल्या अंगणातले ऊन तिकडे मिळत नाही. झोपलेला क्षय जागा होण्यामागे हेही एक कारण असू शकते.

तेव्हा मुलगा किंवा मुलगी परदेशी निघाली की लोणच्याच्या बरणीबरोबर एक कागद द्या. घरात, शेजारी, वसतिगृहाच्या खोलीत कुणाला क्षय होता, कोणत्या साली, मुलाचा त्यांच्याशी किती सहवास होता. स्वतः मुलाने कधी क्षयाच्या गोळ्या घेतल्या का, किती महिने, पूर्ण केल्या का. जुन्या गाठीची, पोटाची काही शस्त्रक्रिया झाली असेल तर तिचा अहवाल. हे कुणाला दाखवायला नको, पाकिटात राहू द्या. पोट दुखून महिना झाला आणि वजन उतरू लागले, की तो कागद डॉक्टरपुढे ठेवायचा. इंग्रजीत लिहून हवा असेल तर तुमचा नेहमीचा डॉक्टर पाच मिनिटांत लिहून देईल. माझ्याकडे आलात तर मी त्याचे पैसे घेत नाही. फक्त सोमवारी दुपारनंतर या, सकाळी फार गर्दी असते.